गॅरेजमधला माळा स्लॅबला टांगावा की खांबांवर उभा करावा?

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या बंगल्याचे गॅरेज आतून १० फूट रुंद आणि १८ फूट लांब आहे, छत म्हणजे १० फुटांवरचा आरसीसी स्लॅब आहे, आणि मागच्या भिंतीलगत मोटारीच्या बॉनेटवर जी जागा रिकामी राहते तिथे १० फूट बाय ३ फुटांचा माळा करून घ्यावा, असे आपण ठरवले आहे. त्यासाठी लोखंडी चौकट थ्रेडेड रॉडने, म्हणजे आटे पाडलेल्या सळईने, स्लॅबला चार ठिकाणी टांगण्याचा आपला बेत असून, स्लॅबमध्ये ८ मिमीचे अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) पुरतील की १२ मिमीचे लागतील, एवढेच आपण विचारले आहे. माझे उत्तर या प्रश्नाच्या थोडे अलीकडून सुरू होते. फास्टनर कितीही जाड घेतला तरी हा माळा टांगू नये, तो उभा करावा, असे माझे मत आहे. मागची कड भिंतीने आणि पुढची कड दोन खांबांनी उचलावी. स्लॅबला हातही लावण्याची गरज नाही. सातपूरच्या आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर गेली जवळपास तीस वर्षे मी फॅब्रिकेशनचीच कामे करत आलो आहे, आणि जे माळे पुढे त्रास देतात ते बहुतेक वेळा लोखंड कमी पडल्यामुळे नव्हे, तर वजन चुकीच्या जागी सोपवल्यामुळे त्रास देतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण तो कोणीच करत नाही. घरातल्या माळ्यावर जाणारे सामान दिसायला किरकोळ आणि तोलायला भारी असते. रंगाचा २० लिटरचा भरलेला डबा २५ ते ३० किलोंचा असतो. घर बांधताना उरलेल्या दोन फूट बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड फरशीचा चार नगांचा खोका ३० किलोंच्या घरात जातो, आणि असे तीन-चार खोके प्रत्येक नव्या बंगल्यात असतातच. रिमसकट जुना टायर १५ ते २० किलो, पुस्तकांनी भरलेले खोके २० ते २५ किलो. आपल्या भागात वजनाचा अंदाज सांगायचा तर मी नेहमी टोमॅटोच्या भरलेल्या क्रेटचे उदाहरण देतो. ती साधारण २० किलोंची असते आणि ती उचलताना हाताला काय वाटते हे नाशिक जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. आपल्या माळ्याचे क्षेत्रफळ ३० चौरस फूट आहे. चौरस फुटाला अवघे १० किलो धरले तरी ३०० किलो, म्हणजे अशा पंधरा क्रेट होतात. चौकट आणि प्लाय यांचे स्वतःचे वजन ६५ ते ७० किलो भरेल. तेव्हा ४०० किलो हा आकडा धरूनच पुढचा सगळा विचार करावा.

आता हे ४०० किलो चार रॉडवर टांगले म्हणजे प्रत्येकावर १०० किलो आले, असा हिशेब सर्रास केला जातो. तो कागदावरच खरा असतो. चार पायांचे टेबल उंचसखल फरशीवर ठेवले की ते समोरासमोरच्या दोन पायांवर उभे राहते आणि उरलेले दोन पाय नुसते टेकलेले असतात. टांगलेल्या ताठ चौकटीचेही तेच होते. एखादा रॉड अर्धा आटा जास्त आवळला गेला की त्याच्यावरचा भार वाढतो आणि शेजारचा सैल पडतो. सामानही कधी सारखे पसरलेले नसते. म्हणून टांगणी करायचीच असेल तर प्रत्येक फास्टनर निम्म्या वजनाला पुरून उरेल असा धरावा लागतो. पुढच्या कडेला तिसरी टांगणी मध्यभागी दिली तर प्रश्न सुटेल असे वाटते, परंतु वरून जाणारा पाइप अखंड असेल तर त्या कडेच्या वजनाचा जवळपास ६२ टक्के भाग एकट्या मधल्या टांगणीवर येतो आणि टोकाच्या दोन्ही टांगण्यांवर १९-१९ टक्केच राहतो. लोक नेमके उलटे करतात. टोकांना जाड फास्टनर आणि मध्ये ‘आधारापुरता’ बारीक.

स्लॅबबद्दलची माझी हरकत याहून मोठी आहे. इकडच्या बंगल्यांचे स्लॅब बहुधा साडेचार ते पाच इंच जाडीचे असतात. त्यांच्या पोटाकडच्या बाजूला सळईच्या खाली १५ ते २० मिमी काँक्रीटचे कव्हर असते, आणि स्लॅब आपल्या वजनाने किंचित वाकत असल्यामुळे पोटाचा हा भाग कायम ताणाखाली राहतो. तिथे केसाएवढ्या भेगा असणे हा बांधकामाचा दोष नव्हे, तो काँक्रीटचा स्वभाव आहे. फुगून बसणारा फास्टनर भोकाच्या भिंतीवर दाब देऊन, घर्षणाने टिकतो. भेग नेमकी त्या भोकातून गेली की तो दाब उतरतो. भिंतीत आडव्या मारलेल्या बोल्टवर वजन कातरीसारखे येते आणि तो थोडा सैल झाला तरी भोकात अडकून राहतो. छतातल्या फास्टनरवर मात्र सरळ खालची ओढ असते आणि तो सैल झाला की त्याला अडवणारे काहीच उरत नाही. शिवाय डोक्यावर ड्रिल धरून पाडलेले भोक बहुधा थोडे तिरके आणि मोठे होते. डब्यावर छापलेली ताकद ही चांगल्या काँक्रीटमध्ये, योग्य मापाच्या आणि भुकटी काढून साफ केलेल्या भोकासाठी असते, म्हणून डोक्यावरच्या कामात मी त्या आकड्याचा चौथा हिस्साच हिशेबात धरतो.

आणखी एक गोष्ट अनुभवाची आहे. इंदिरानगरमधल्या एका घरी सायकली टांगण्यासाठी मी स्वतः स्लॅबमध्ये भोके पाडत असताना ड्रिल एकाएकी आत गेले आणि घरातले निम्मे दिवे बंद झाले. विजेचा पाइप स्लॅब भरतानाच आत टाकलेला होता आणि पंख्याच्या डब्यापासून भिंतीकडे तो सरळ न जाता तिरका गेला होता. स्लॅब फोडून तो दुरुस्त करणे शक्य नव्हते. शेवटी त्या खोलीची वायरिंग भिंतीवरून पट्टीत न्यावी लागली आणि त्या दिवसाची मजुरी अर्थातच मी मागितली नाही. त्या दिवसापासून मेन स्विच बंद केल्याशिवाय मी छताला ड्रिल लावत नाही. मोठ्या इमारतींच्या तळघरातले पार्किंग असेल तर गोष्ट आणखी गंभीर असते, कारण तिथला स्लॅब ताण दिलेल्या केबलचा असू शकतो आणि त्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय एकही भोक पाडू नये. पंख्याच्या कडीला दोर बांधून काहीतरी लटकवण्याचा प्रकारही मी पाहिलेला आहे. ती कडी पंख्यासाठी आहे, तेवढ्यासाठीच राहू द्यावी.

सायकल, शिडी, मासेमारीच्या काठ्या, असे २०-२५ किलोंपर्यंतचे सामान टांगायचे असेल तर माझी हरकत नाही. मात्र त्यासाठी स्लॅबच्या पोटाऐवजी बीमची बाजू वापरावी, बीमच्या उंचीच्या साधारण मध्यावर भोक घ्यावे आणि ड्रिल सळईला लागताच जोर न करता दोन इंच सरकावे. तिथे फास्टनर आडवा बसतो आणि वजन कातरीसारखे येते.

परदेशी व्हिडिओ पाहून बेत करणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. तिथल्या अनेक घरांच्या छतात ठरावीक अंतरावर लाकडी वासे असतात आणि कारागीर त्या वाशांत लांब स्क्रू मारून फळ्या टांगतो. आपल्याकडे तसे वासे नसतात. असतात ते जुन्या नाशकात, भद्रकाली, रविवार कारंजा, पंचवटी या भागांतल्या वाड्यांत. पण तिथल्या कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या, छताला टांगणे तर त्याहून धोक्याचे. कडीचे जे टोक भिंतीत गेलेले असते ते ओलीने आणि वाळवीने आतून पोखरलेले असू शकते आणि बाहेरून ती कडी ठणठणीत दिसते. वाड्याच्या खणात मांडणी करायची झाल्यास ती चार पायांवर स्वतंत्र उभी करावी आणि भिंतीला फक्त पडू नये एवढ्यापुरती अडकवावी.

पत्र्याच्या शेडबाबत मी स्वतःच चूक केलेली आहे, म्हणून ती सांगतो. काम सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपसाठी मी छताच्या पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्टीला, अँगल वेल्ड करून त्यावर डाय आणि जिग ही कारखान्यातली जड साधने ठेवण्याचा माळा टांगला. शेडचा मालक खूश होता, कारण खालची जमीन पूर्ण मोकळी राहिली होती. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा पर्लिन मध्यावर वाकलेली असल्यामुळे पत्र्याचा उतार तिथे मोडला होता, पाणी साचले आणि सिमेंटचे दोन पत्रे चिरले. पर्लिन ही पत्रा, वारा आणि दुरुस्तीसाठी वर चढणारा एखादा माणूस, एवढ्याच हिशेबाने बसवलेली असते. तिच्यावर कायमचे वजन टाकण्याचा मला अधिकारच नव्हता. तो माळा उतरवून, खाली खांब देऊन मी स्वखर्चाने पुन्हा उभा केला.

आता आपल्या गॅरेजकडे येतो. मागच्या भिंतीवर १० फूट लांबीचा ४० बाय ४० बाय ५ मिमीचा अँगल पट्टीसारखा आडवा बसवावा. भिंतीपासून ३ फुटांवर, दोन्ही बाजूंच्या भिंतींना अगदी चिकटून, ५० बाय ५० बाय २ मिमीच्या चौकोनी पाइपचा एकेक खांब उभा करावा. त्या दोन खांबांवर १० फुटांचा पुढचा बीम टाकावा आणि बीम व अँगल यांच्यामध्ये दीड-दीड फुटावर २५ बाय २५ बाय २ मिमीच्या आडव्या पट्ट्या द्याव्यात. खांब कोपऱ्यात भिंतीलगत असल्यामुळे मोटारीच्या वाटेत येत नाहीत. जमीन जवळपास तेवढीच मोकळी राहते, जेवढी टांगल्यावर राहिली असती. या खांबांवर प्रत्येकी १०० किलोंच्या आसपासच वजन येते, जे त्यांच्या ताकदीच्या मानाने काहीच नाही.

खरा कस लागतो तो पुढच्या बीमचा. एकूण वजनाचा निम्मा भाग, म्हणजे २०० किलो, तो १० फुटांच्या अंतरावर मध्ये कुठलाही आधार न घेता पेलणार आहे. फॅब्रिकेटर बहुधा खांबाचाच ५० बाय ५० बाय २ चा पाइप इथेही लावतो. तो तुटणार नाही, पण माझ्या हिशेबाने मध्यभागी सुमारे २४ मिमी, म्हणजे जवळजवळ एक इंच झुकेल, आणि असा झुकलेला माळा पाहून घरातली मंडळी त्याखाली गाडी लावायला तयार होणार नाहीत. त्याऐवजी ८० बाय ४० बाय २ मिमीचा आयताकृती पाइप उभा, म्हणजे ८० मिमीची बाजू उंचीला ठेवून लावावा. मीटरला ३ किलोंऐवजी सुमारे साडेतीन किलो लोखंड लागेल, पण झुकाव ९ मिमीवर येईल. हाच पाइप चुकून आडवा, चपटा बसवला तर तो उभ्याच्या तिप्पट झुकतो, म्हणजे महागडा पाइप घेऊनही ५० च्या पाइपपेक्षा वाईट काम होते. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘आडवा ठेवला की फळीला टेकायला जागा जास्त मिळते’ हा युक्तिवाद मी अनुभवी वेल्डरांकडूनही ऐकलेला आहे.

अंतराचा परिणाम लोकांच्या अंदाजापेक्षा फार मोठा असतो. फुटामागे तेवढेच वजन ठेवून दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर झुकाव दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. म्हणून लोखंड जाड करण्याआधी आधार जवळ आणता येतो का, हे पाहावे. आपल्याकडे मध्ये खांब देता येत नाही, कारण तिथे मोटार उभी राहते. परंतु वाचकांपैकी कोणाचे वर्कशॉप असेल आणि खाली टेबल किंवा लेथ असेल, तर मध्ये तिसरा खांब देऊन ते बरेच लोखंड वाचवू शकतील.

खांबच नकोत, भिंतीला त्रिकोणी ब्रॅकेट लावले तर काय, असे आपण विचाराल. एक फूट खोलीच्या मांडणीसाठी ब्रॅकेट उत्तमच. ३ फूट खोलीसाठी मात्र हिशेब असा होतो: एका ब्रॅकेटवर १०० किलो आले तर त्याचे केंद्र भिंतीपासून दीड फुटावर असते, आणि ब्रॅकेटची उभी बाजू १ फूट असेल तर वरच्या बोल्टला भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ १५० किलो होते. म्हणजे वजनापेक्षा ओढच जास्त. विटेच्या भिंतीला ही परीक्षा कशाला द्यायची?

भिंत कशाची आहे हे ठरवल्याशिवाय फास्टनर विकत घेऊ नयेत. चाचणीचे एक भोक पाडून ड्रिलमधून पडणारी भुकटी हातावर घ्यावी. लाल भुकटी म्हणजे भाजलेली वीट. करडी आणि कणीदार भुकटी म्हणजे फ्लाय अ‍ॅशची वीट किंवा काँक्रीट. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख जवळच असल्यामुळे अशा विटा या भागात नवलाच्या नाहीत. पांढरट, पिठासारखी भुकटी येऊन ड्रिल लोण्यात गेल्यासारखे शिरले, तर भिंत एएसी ब्लॉकची आहे, ज्यांना आपण सरसकट सिपोरेक्स म्हणतो. लाल विटेच्या ९ इंची भिंतीत १० मिमीचे फास्टनर दोन-दोन फुटांवर, एकूण सहा, पुरेसे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ३३-३४ किलो येतात. भोक विटेच्या मध्यात घ्यावे, सांध्यात घेऊ नये, आणि फास्टनरची लांबी मोजताना प्लास्टरची जाडी वजा करावी, कारण प्लास्टर काहीही धरून ठेवत नाही. एएसी ब्लॉकमध्ये फुगणारा फास्टनर ब्लॉकलाच फोडतो. तिथे एकतर आरपार बोल्ट घेऊन पलीकडे लोखंडी प्लेट द्यावी, किंवा मी करतो तसे मागच्या बाजूलाही दोन खांब देऊन मोकळे व्हावे, म्हणजे भिंतीकडे फक्त चौकट हलू न देण्याचे काम राहते. मात्र तसे केल्यास मागचा अँगलही १० फूट विनाआधार होतो, तेव्हा तिथेही ८० बाय ४० चाच पाइप लावावा.

उंची ठरवताना आपली मोटार आत उभी करून, बॉनेट पूर्ण उघडून माप घ्यावे. अनेकजण बंद बॉनेटचे माप घेतात आणि पुढे बॅटरी बदलायची वेळ आली की गाडी बाहेर ढकलावी लागते. गाडी कधी उलटी लावण्याची सवय असेल तर डिकीचा दरवाजा उघडून तेही माप घ्यावे. माझ्या मते माळ्याचा तळ जमिनीपासून ७ फुटांवर ठेवावा. त्यामुळे खालून चालताना डोके लागत नाही आणि वर स्लॅबपर्यंत पावणेतीन फूट मोकळी जागा मिळते. त्याहून वर नेल्यास मागच्या रांगेतले खोके कधीच बाहेर निघत नाही.

पातळीसाठी पाण्याची नळी वापरावी. लेझर असेल तर ठीक, पण दोन माणसे आणि पारदर्शक नळी एवढ्यावरही काम अचूक होते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा नको. गॅरेजच्या फरशीला पाणी बाहेर जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो पुष्कळदा एका बाजूलाही कलता असतो, म्हणून दोन्ही खांब एकाच मापाचे कापून आणू नयेत. भिंतीवर पातळीची खूण करून प्रत्येक खांबाची लांबी तिथल्या तिथे घ्यावी. खांबाखाली १५० बाय १५० बाय ६ मिमीची बेसप्लेट हवी. फरशी आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा काढून खाली काँक्रीट भरावे. पेव्हर ब्लॉक असतील तर फूटभर लांबीरुंदीचा काँक्रीटचा ठोकळा करणे भाग आहे. प्लेट फरशीपासून इंचभर उंच ग्राउटवर, म्हणजे सिमेंटच्या मिश्रणाच्या थरावर, बसवावी, कारण गाडी धुतलेले पाणी कोपऱ्यातच साचते आणि खांब गंजतो तो नेहमी तळाच्या दोन इंचांत. पाइपची वरची तोंडे पत्र्याने बंद करावीत. दोन्ही खांब मध्यावर एकेका फास्टनरने बाजूच्या भिंतीला बांधले की चौकट जागची हलत नाही.

वेल्डिंग शक्य तेवढे बाहेर करून घ्यावे आणि आत नट-बोल्टने जोडावे. आत करावेच लागले तर मोटार गॅरेजबाहेर काढावी. ठिणग्यांनी पुढच्या काचेवर पडलेले बारीक खड्डे कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. २ मिमीच्या पाइपला २.५ मिमीचा रॉड घ्यावा, जाड रॉडने पाइप जळून भोक पडते. काम ताब्यात घेताना प्रत्येक सांध्याभोवती बोट फिरवून पाहावे. फक्त चार ठिकाणी टाके मारून वर रंग फासण्याची पद्धत या धंद्यात आहे, हे मी धंद्यातला माणूस म्हणून कबूल करतो, आणि रंगाखाली ती ओळखणे कठीण असते. म्हणून रंगापूर्वी, वरची खपली (स्लॅग) ठोकून काढलेले वेल्ड आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेड ऑक्साइड लावू देऊ नये. त्यावर ऑइलपेंटचे दोन हात पुरतात.

फळीसाठी १८ मिमी प्लाय घ्यावा. १२ मिमी स्वस्त पडतो, परंतु जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होत असल्यामुळे १८ मिमीचा प्लाय त्याच्या तिपटीहून अधिक ताठ असतो. प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाची खूण असेल तर तो उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारा असतो. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती असून त्यातला एमआर हा दमट हवेपुरताच आहे. पावसाळ्यात शटरखालून ओल येणाऱ्या गॅरेजसाठी मी ७१० घ्यायला सांगतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला काम असेल तर दुसरा पर्याय देतच नाही. पार्टिकल बोर्ड मात्र फुकट मिळाला तरी माळ्यावर चढवू नये. प्लायच्या कापलेल्या कडा रंगवून घ्याव्यात आणि पुढच्या कडेला दोन इंच उंचीची पट्टी वेल्ड करावी, म्हणजे वरचे खोके सरकत सरकत बॉनेटवर येणार नाही.

माळ्यावर काय ठेवू नये, हे मोजकेच सांगतो. स्लॅबच्या वर गच्ची असेल तर एप्रिल-मेमध्ये माळ्याची हवा खालच्यापेक्षा बरीच तापते, म्हणून थिनर, पेट्रोल, स्प्रेचे डबे आणि गॅस वर नको. ज्यांच्याकडे द्राक्षबाग आहे त्यांनी फवारणीची औषधे वर ठेवू नयेत. बाटली गळली तर थेट माणसाच्या अंगावर येते. जुनी बॅटरीही नको. आणि २० किलोंहून जड एकही खोके वर चढवू नये, माळा ते पेलणार नाही म्हणून नव्हे, तर शिडीवरून ते उतरवताना आपली पाठ पेलणार नाही म्हणून. उरलेल्या फरशीचे खोके खालीच भिंतीला उभे ठेवावेत. माळ्यावर माणसाने चढून चालायचे असेल, तर हा आराखडा त्यासाठी नाही. तो पोटमाळा झाला आणि त्याचा हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.

सामान चढवण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. दोन खांबांच्या मध्ये, पुढच्या बीमच्या तळाशी एक बारीक दोरी ताणून बांधावी आणि बीमच्या मध्यावर दोरीपासूनचे अंतर सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोजून ठेवावे. मग ५० किलोंच्या सहा सिमेंट गोण्या सारख्या अंतरावर पसरून रात्रभर ठेवाव्यात. शेजारी बांधकाम चालू असेल तर गोण्या उसन्या मिळतात. सकाळी मध्यभाग साधारण दोन सूत खाली आलेला दिसेल, अडीचपर्यंत चालेल. तीन सुतांच्या पुढे गेला तर बीम आडवा बसला आहे किंवा पाइप २ मिमीपेक्षा पातळ आला आहे, असे समजावे; पाइपच्या उघड्या टोकाला व्हर्नियर लावून जाडी मोजता येते, म्हणून टोके बंद करण्यापूर्वीच ते करून घ्यावे. गोण्या काढल्यावर बीम पुन्हा मूळ खुणेवर आला पाहिजे. तो आला नाही, तर बीम आणि खांब यांचे सांधे आधी तपासावेत, आणि मागच्या अँगलचे फास्टनरही सैल झालेले नाहीत ना, हे पाहून घ्यावे. आपल्या मागच्या भिंतीतून कोणत्या रंगाची भुकटी पडते आणि प्लास्टर किती जाडीचे आहे, एवढे कळवल्यास फास्टनरची नेमकी लांबी सांगता येईल.